अंपायर घरचाच

रविवारच्या फ्रेंडली मॅचला अंपायर बाहेरून येत नाही. बॅटिंग करणाऱ्या टीममधलेच दोघं उभे राहतात, एक बोलरच्या बाजूला, दुसरा स्क्वेअर लेगला. क्लबच्या किटबॅगेत तळाशी चुरगळून पडलेला एक पांढरा कोट असतो, तो बोलरच्या बाजूच्याने घालायचा. कोट कोणालाच धड बसत नाही. खिशात सहा खडे. एकेक बॉल पडला की एकेक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. दहा-बारा ओव्हर झाल्या की कोटवाला पॅव्हेलियनकडे, म्हणजे ताडपत्रीखालच्या सावलीकडे, बघायला लागतो. त्याला सुटका हवी असते आणि सावलीतले सगळे नेमके त्याच वेळी बुटाच्या नाड्या बांधत असतात.

मी बघितलेल्या मॅचमध्ये तर पहिल्या सात ओव्हर वनडाउनला जाणारा गडीच कोट घालून उभा होता. खाली पॅड बांधलेले, वर कोट. म्हणजे ओपनरला त्याने पायचीत दिलं, की कोट दुसऱ्याच्या अंगावर टाकून खेळायला जाणारा तोच. अशा न्यायाधीशाला कोर्टात कोणी पाच मिनिटं बसू देणार नाही. आझाद मैदानावर त्याने एक अपील फेटाळलं, एक मान्य केलं, आणि दोन्ही वेळा कोणी चकार शब्द काढला नाही.

क्लब दादरकडचा. पन्नासेक वर्षांपूर्वी एका शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी वर्गणी काढून पहिलं किट घेतलं. आता त्यांच्यातल्या काहींची मुलं खेळतात. वर्षभर ही मंडळी दुसऱ्या क्लबांशी, ऑफिसांच्या टीमशी, कधी हाउसिंग सोसायट्यांशी खेळतात. जानेवारीतला एक रविवार मात्र घरच्या मॅचसाठी राखलेला: कॅप्टन इलेव्हन विरुद्ध सेक्रेटरी इलेव्हन, पंचवीस-पंचवीस ओव्हर, सिझन बॉल, पांढरे कपडे सक्तीचे. बक्षीस काही नाही. हरणाऱ्यांनी चहा पाजायचा असा नियम आहे. प्रत्यक्षात चहाचे पैसे दर वर्षी सेक्रेटरीच देतो आणि वर्षभर ते ऐकवतो. बाहेरचा एकही माणूस मध्ये नसताना ही मंडळी एकमेकांना आऊट कशी देतात, एवढंच मला बघायचं होतं.

टीम पाडण्यातच अर्धी मॅच खेळून होते. लहानपणी दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहून आळीपाळीने भिडू मागायचे. इथे ते चालत नाही, कारण शेवटी उरलेला भिडू आता एका कंपनीत जनरल मॅनेजर असतो. म्हणून कॅप्टन आणि सेक्रेटरी गुरुवारी रात्री फोनवर याद्या करतात आणि शुक्रवारी त्या ग्रुपवर पडतात. मग वाटाघाटी. दोन्ही फास्ट बोलर एका बाजूला नकोत. भाऊ-भाऊ वेगळे. वर्गणीवरून ज्यांचं वाजलंय ते दोघं मात्र एकाच टीममध्ये, म्हणजे निदान एक दिवस एकमेकांसाठी टाळ्या वाजवतील. सगळ्यात शहाणा नियम हेल्मेटचा. ज्या दोघांत मिळून एकच हेल्मेट आहे त्यांना विरुद्ध टीममध्ये टाकायचं. एकाच टीममध्ये टाकलं आणि दोघं एकदम क्रीजवर आले, तर प्रत्येक सिंगलनंतर हेल्मेटची अदलाबदल करत बसावी लागते. हे एकदा झालेलं आहे, आणि मैदानातले लोक ते सांगताना आजही खाली बसून हसतात.

टॉस साडेनऊचा होता, दहाला झाला. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. डोंबिवलीहून येणारे तिघं ठाण्यात अडकले होते आणि स्टंप त्यांच्याच बॅगेत होते.

सीएसएमटीच्या भुयारी मार्गातून वर येऊन आझाद मैदानात शिरलं की नव्या माणसाला पहिल्यांदा काही उमगत नाही. वीसहून जास्त विकेट्स एकमेकींना खेटून. एका मॅचचा डीप मिडविकेट दुसऱ्या मॅचच्या स्लिपशेजारी उभा असतो आणि दोघं पाठीला पाठ लावून आपापला सामना खेळतात. आपला बॉल कोणता, हे इथे डोळ्यांपेक्षा कानाने कळतं. ‘बॉऽल!’ अशी आरोळी आली की त्या बाजूचे सगळे, कोणाची मॅच हे न विचारता, डोक्यावर हात घेऊन वाकतात. ही गंमत नाही. सिझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि तो मागून येतो. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर फिल्डिंग करणाऱ्या एका हौशी खेळाडूला शेजारच्या मॅचमधला बॉल कानामागे लागला आणि त्यात तो गेला. तेव्हापासून या क्लबमध्ये शेजारच्या विकेटकडे पाठ करून उभं राहायचं नाही, असं ठरलंय. ठरलंय एवढंच, जागा कुठे आहे?

याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या पोरांनी ६६४ रनांची न तुटलेली भागीदारी केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉने एकट्याने ५४६ काढले तेही इथेच. हे आकडे मुंबईत कोणालाही पाठ असतात. त्यांच्याही शंभर वर्षं आधीचं एक प्रकरण कमी लोकांना ठाऊक आहे. १८८० च्या दशकात गोऱ्यांच्या जिमखान्याकडे इथल्या मोकळ्या मैदानाच्या कडेला स्वतःचं राखीव ग्राउंड होतं. पोलो खेळायला मात्र त्यांना मोकळा भाग हवा होता. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची, आणि त्याच जमिनीवर पारशी आणि हिंदू पोरांचं क्रिकेट चालायचं. पारशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जावर अर्ज केले. मूठभरांच्या पोलोपायी शेकडोंचा खेळ बुडतो, एवढीच त्यांची तक्रार. त्यांच्यातल्या शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, त्यात हे भांडण आहे. रामचंद्र गुहांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात ते विस्ताराने सांगितलंय. रविवारी सकाळी विकेटचे पैसे भरून जे लोक इथे हक्काने स्टंप ठोकतात, त्यांच्या हक्काला अशी अर्जबाजीची पार्श्वभूमी आहे.

सेक्रेटरी इलेव्हनची बॅटिंग आधी आली. माळ्याने सकाळीच रोलर फिरवून चुन्याने क्रीज आखून ठेवली होती. चौथ्या ओव्हरला बॉल ओपनरच्या पुढच्या पॅडवर आदळला आणि बोलर, कीपर, स्लिप सगळे एका सुरात ओरडले.

पायचीतचा नियम १७७४ पासून खेळात आहे आणि तेव्हापासून भांडणं लावतोय. अंपायरला एका क्षणात तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. बॉल लेग स्टंपच्या बाहेर तर पडला नाही ना? पॅडला लागला तेव्हा स्टंपांच्या रेषेत होता का? आणि पॅड मध्ये नसता तर तो स्टंपवर गेला असता का? पहिली दोन डोळ्यांनी बघायची, तिसरं निव्वळ कल्पनेनं. तेही २२ यार्डांवरून, बोलर डोळ्यांसमोरून आडवा जात असताना. मैदानावरच्या बहुतेक हौशी मॅचमध्ये यावर सोपा तोडगा असतो: ‘एलबी नाही.’ टॉसच्या वेळीच बोलून घेतात. टेनिस बॉलला ते चालून जातं. सिझन बॉलला एलबी काढून टाकली, की बॅट्समन स्पिनरला बॅटऐवजी पॅडने खेळतो. पाय पुढे टाकायचा, बॅट पॅडमागे लपवायची आणि दिवसभर उभं राहायचं. या क्लबचा सगळ्यात चांगला बोलर पन्नाशीचा ऑफस्पिनर आहे. त्याने एकदा सांगून टाकलं, एलबी नसेल तर मी येत नाही, घरी बसून मटार सोलतो. तेव्हापासून एलबी आहे.

तर चौथ्या ओव्हरचं अपील. पॅड बांधलेल्या कोटवाल्याने मान हलवली. नाही. दोन ओव्हरनंतर जवळजवळ तसाच बॉल, तसंच अपील. या वेळी बोट वर गेलं. ओपनर बॅट काखेत मारून निघाला आणि वाटेत याच्याकडून कोट घेऊन स्वतःच्या अंगावर चढवला. बाद झालेला अंपायर झाला, अंपायर बॅट्समन झाला, मॅच पुढे.

लंचला मी त्याला विचारलं, भीती नाही वाटली? आऊट दिलंत तर लोक म्हणणार, बॅटिंगची घाई झाली होती.

“आणि नाही दिलं तर म्हणणार, पार्टनरला वाचवलं,” तो म्हणाला. “दोन्हीकडून शिव्याच आहेत ना? मग जे दिसलं ते द्यायचं. त्यातल्या त्यात स्वस्त पडतं.”

पहिलं का नाही दिलं, असंही विचारलं. लेगला जात होता, म्हणाला. ऑफस्पिनर शेजारीच थालीपीठ खात बसला होता. “जात नव्हता,” तो म्हणाला, आणि लोणच्याची बरणी पुढे सरकवली.

पॅड बांधलेल्याने अंपायर व्हायचं नाही, असा खरं तर क्लबचा संकेत आहे. स्टंपवाले ठाण्यात अडकल्यामुळे त्या दिवशी तो मोडला. एरवी आऊट होऊन आलेल्याला कोट देतात. पण त्यातही एक खोच आहे, जी सेक्रेटरीने मला गंभीरपणे समजावून सांगितली. स्वतः एलबी झालेला माणूस पुढची पंधरा मिनिटं दुसऱ्याला एलबी द्यायला फार उत्सुक असतो. त्याला स्क्वेअर लेगला पाठवायचं. बोल्ड झालेला मात्र निर्धास्त. त्याची कोणाविरुद्धच तक्रार नसते.

मोठ्या क्रिकेटलाही हे कोडं सोडवायला फार वेळ लागला. शंभराहून जास्त वर्षं टेस्ट मॅचमध्ये यजमान देशाचेच अंपायर उभे राहत होते, आणि पाहुणी टीम घरी जाऊन त्यांच्या नावाने खडे फोडत होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये इम्रान खानच्या आग्रहावरून लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीसाठी तिसऱ्या देशाचे दोन अंपायर बोलावले, ते भारतीय होते: व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर. रिपोर्टर आपल्या मुंबईच्या मैदानांवरूनच वर गेलेले. भारत-पाकिस्तानात क्रिकेटवरून संशय हवेतच असायचा, आणि तिथे पाकिस्तानी कॅप्टनला तटस्थ म्हणून भारतीय अंपायर चालला, ही मोठी गोष्ट होती. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक अंपायर तटस्थ आला, २००२ पासून दोन्ही. २००८ मध्ये भारत-श्रीलंका मालिकेत रिव्ह्यूची पद्धत पहिल्यांदा कसोटीत वापरून बघितली. म्हणजे घरचा अंपायर नको, मग माणसाचा डोळाच पुरेसा नाही, अशी ही वाट चालत गेली. रविवारची मॅच त्या वाटेच्या सुरुवातीलाच बसून राहिली आहे.

आणि मला वाटतं, तिचं त्यात फारसं बिघडलेलं नाही. या क्लबातले चार-पाच जण कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलेले आहेत. १९४८ साली सुरू झालेली, डॉ. एच. डी. कांगांच्या नावाची ही लीग भर पावसाळ्यात चालते. विकेट उघडी, आउटफिल्डमध्ये गवत, खाली चिखल, ज्याला तिथे रन काढता येतात त्याला कुठेही काढता येतात अशी मुंबईची श्रद्धा. तिथे नेमलेले अंपायर असतात. मी त्या चार-पाच जणांतल्या एकाला विचारलं, लीगमध्ये कड लागली तर तुम्ही स्वतःहून निघायचात?

“वेड लागलंय का? अंपायर कशाला आहे मग?”

आणि इथे?

“इथे निघावं लागतं. कीपरबरोबर मंगळवारी सकाळी एकाच डब्यात उभं राहायचं असतं.”

बाहेरचा अंपायर आला, की खरंखोटं ठरवायचं ओझं त्याच्यावर टाकून मोकळं होता येतं. बॅटला लागल्याचं स्वतःला पक्कं माहीत असताना आकाशाकडे बघत उभं राहणं हा मग खेळाचाच भाग ठरतो. आपण टीव्हीवर ते रोज बघतो आणि त्याला व्यावसायिकता म्हणतो. घरच्या मॅचमध्ये ओझं टाकायला कोणी नाही. कोटातला माणूस आपलाच, त्याला काही दिसलेलं नसतं, तो बॅट्समनच्याच तोंडाकडे बघतो. त्या दिवशी दोन झेल असेच ठरले. बोट कोणी वर केलंच नाही. एकाने स्वतःच ग्लोव्ह काढायला सुरुवात केली, दुसऱ्याने कीपरला विचारलं, “डॉक्टर, क्लीन आहे?” दातांचे डॉक्टर असलेले कीपर म्हणाले, “हो रे,” आणि तो निघाला.

हे सगळं साधुसंतांचं चाललंय असं कृपा करून समजू नका. तेराव्या ओव्हरला नॉनस्ट्रायकर बॉल पडायच्या आत दोन पावलं पुढे सरकत होता, तेव्हा ऑफस्पिनर थांबला, वळला आणि बॉल बेल्सवर टेकवून म्हणाला, “विनू मांकड आठवतात का?” नॉनस्ट्रायकर मागे पळाला. मांकडने १३ डिसेंबर १९४७ ला सिडनीत बिल ब्राउनला असं धावबाद केलं आणि ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांनी त्याचं नाव त्या प्रकाराला चिकटवून टाकलं. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात मांकडने ब्राउनला आधी ताकीद दिली होती, हे सांगायला मैदानावरचा प्रत्येक स्पिनर उत्सुक असतो. २०२२ मध्ये एमसीसीने हा नियम ‘अनुचित खेळ’ या सदरातून काढून सरळ धावबादच्या नियमात घातला. ऑफस्पिनरला कलमाचा आकडाही पाठ होता. “अडतीस,” तो म्हणाला. “वाचून ये.”

लंच ताडपत्रीखाली. डबे मध्ये ठेवलेले, ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं. बिर्याणीच्या पातेल्याभोवती दोन्ही टीम, आणि लग्नात वरपक्ष-वधूपक्ष व्याह्यांच्या पंगतीत करतात तशी मधाळ टोमणेबाजी. विषय निघाला फेब्रुवारी १९८० चा, इथून मैलभरावर वानखेडेवर झालेल्या सुवर्णमहोत्सवी कसोटीचा. ती कसोटी खग्रास सूर्यग्रहणासाठी एक दिवस थांबवली होती. ५८ वर ५ अशा अवस्थेत इंग्लंडला बोथम आणि बॉब टेलर यांनी सावरलं. टेलरला कपिलच्या बोलिंगवर यष्टिरक्षकाकडे झेल म्हणून बाद दिलेलं असताना, बॅट लागली नव्हती म्हणून कॅप्टन गुंडप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावलं. भागीदारी १७१ ची झाली आणि भारत दहा विकेट्सनी हरला. विशी बरोबर की चूक, यावर तेवीस माणसं अर्धा तास भांडली. गमतीची गोष्ट अशी की सगळ्यात मोठ्याने ‘चूक’ म्हणणारे दातांचे डॉक्टर होते.

मला मात्र त्या पातेल्याशेजारी बसून पाळवणकर बाळू आठवत होते. जन्म १८७६ चा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात विकेट लाटण्याचं, नेट बांधण्याचं काम करता करता साहेबांना बोलिंग टाकून हा डावखुरा स्पिनर तयार झाला. पुण्याच्या हिंदू टीमला इंग्रजांना हरवायला तो हवा होता, म्हणून चर्मकार समाजाच्या बाळूला टीममध्ये घेतलं. मैदानात सगळे त्याच बॉलला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून प्यायचे आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा, जेवणही वेगळं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर विकेट्स काढल्या. हिंदूंचं कॅप्टनपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आपसातल्या मॅचबद्दल लिहिताना हे टाळता येत नाही. मैदानात ‘आपला’ असलेला भिडू पॅव्हेलियनच्या पायरीवर परका व्हायचा, आणि ती पायरी गोऱ्यांनी बांधलेली नव्हती.

लंचनंतर भांडण झालं ते वेगळ्याच कारणावरून. क्लबचं स्कोअरबुक आहे. लांबट, रेघांचं, रनरहित सहा ठिपके जोडून मेडनचा एम काढायचं. ते सांभाळणारे गृहस्थ तीस वर्षं तेच करतात. गेल्या काही वर्षांत शेजारी एक मुलगा फोनवर ॲपमध्येही स्कोअर भरतो. ॲपमध्ये प्रत्येकाचं खातं, प्रत्येक रन साठवलेला, ॲव्हरेज, स्ट्राइक रेट, सगळं. पूर्वी घरच्या मॅचचा हिशेब चहाबरोबर संपायचा. आता पंचेचाळिशीच्या माणसाचा फ्रेंडलीतला भोपळा त्याच्या खात्यावर कायमचा बसतो आणि त्याची मुलगी तो शाळेच्या बसमध्ये बघते. याचा परिणाम खेळावर होतोच. लेगबाय की बॅटला लागून रन, हे विचारायला एक जण स्वतः चालत फोनवाल्याकडे आला. दोन रनांसाठी! माझं स्पष्ट मत आहे की घरची मॅच ॲपवर घालू नये. हे मी बोलून दाखवलं, तर फोनवाला मुलगा म्हणाला, “काका, मग लोक येणारच नाहीत.” स्कोअरबुकवाल्या गृहस्थांनी पेन्सिलीला टोक करत मान डोलावली, म्हणजे त्यांनाही ते पटलेलं होतं.

सेक्रेटरी इलेव्हनचे १४२ झाले होते. कॅप्टन इलेव्हनला शेवटच्या चार ओव्हरला एकतीस हवे होते आणि सात आऊट झाले होते, तेव्हा क्लबचे एक संस्थापक बॅटिंगला आले. सगळे त्यांना काका म्हणतात. वय सत्तरच्या पुढे, उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. त्यांच्यासोबत रनर म्हणून सेक्रेटरीचा बारा वर्षांचा मुलगा. म्हणजे सेक्रेटरीचा मुलगा सेक्रेटरीच्या विरुद्ध टीमसाठी पळणार. पण तेवढा चपळ दुसरा कोणी नव्हता. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०११ मध्ये रनर बंद केला. एमसीसीच्या नियमांत तो अजून आहे, आणि मैदानांवर तर त्याच्यावाचून चालणारच नाही. गुडघे, पाठी, हर्निया. तीन रविवार मिळून एक तरी रनर लागतोच.

बोलर ऑफस्पिनरच होता. त्याने काकांना पहिले दोन बॉल हळू, बाहेर टाकले. तिसऱ्याला काकांनी पाय पुढे टाकला आणि लेट कट मारला. इतका उशिरा, की कीपरचे ग्लोव्ह आधीच मिटले होते. पॉइंटच्या मागून दोन रन. ताडपत्रीखालून दोन्ही टीमच्या टाळ्या. पुढचा बॉल काकांनी मिडऑनकडे ढकलला आणि ‘येस’ म्हणून स्वतःच धावत सुटले. पन्नास वर्षांची सवय; गुडघा नवा असला तरी पाय जुनेच. शेजारून मुलगा पळाला, समोरून पार्टनर पळाला, एका विकेटवर तीन माणसं. मिडऑनचा थ्रो कीपरकडे आला. मुलगा पलीकडे पोचलेला होता, पार्टनर अलीकडे आला होता, काका मध्ये कुठेतरी थांबून आपलं काय चुकलं ते आठवत होते. डॉक्टरांनी बेल्स उडवल्या.

नियम याबाबतीत कडक आहे. रनर घेतलेला बॅट्समन स्वतः क्रीजबाहेर असताना कीपरच्या बाजूची विकेट पडली, तर रनर पोचलेला असला तरी तो आऊट. दुसरा नियमही तेवढाच स्पष्ट: अपील झाल्याशिवाय अंपायरने कोणाला आऊट द्यायचं नाही. डॉक्टरांच्या हातात बॉल, बेल्स जमिनीवर, आणि कोणी तोंड उघडेना. ऑफस्पिनर बुटाची माती काढायला लागला. स्क्वेअर लेगला कोट न घातलेला अंपायर होता काकांचा पुतण्या. तो शेजारच्या विकेटवरची शाळकरी मुलांची मॅच बघत होता, जिला दोन नेमलेले अंपायर होते.

“अपील कर की, डॉक्टर,” काका म्हणाले.

“जाऊ दे काका, खेळा. थोड्याच ओव्हर राहिल्यात.”

“मी कच्चा लिंबू आहे का रे?”

कोणी हसलं नाही. काकांचा आवाज चढला. हा क्लब काढला तेव्हा तुमच्यातला कोणी जन्मला नव्हता, वगैरे. तुम्ही मला बाहेर टाकताय, फुकट ठेवून घेताय. मला आऊट द्या. डॉक्टर म्हणाले, मी अपील करणार नाही, ही माझी मर्जी आहे. काका म्हणाले, मग माझीही मर्जी आहे, आणि बॅट काखेत घालून निघाले. नियमानुसार आऊट नसताना आऊट समजून निघालेल्या बॅट्समनला अंपायरने परत बोलवायला हवं. पुतण्याने हाक मारली. “तू गप्प बस, तू घरचा आहेस,” काका म्हणाले.

मॅच कॅप्टन इलेव्हन नऊ रनांनी हरली. त्यावर कोणी फार बोललं नाही, कारण ताडपत्रीखाली दुसराच प्रश्न पेटला होता. ॲपमध्ये काकांच्या नावापुढे काय टाकायचं? ‘नॉट आऊट’ पर्याय निवडावा तर ते क्रीजवर नव्हते. ‘रन आऊट’ टाकावं तर अपील नाही. कॅप्टनच्या परवानगीशिवाय गेले, म्हणजे ‘रिटायर्ड आऊट’, असं ऑफस्पिनरचं म्हणणं; कॅप्टन म्हणाला, मी परवानगी दिली होती, मनातल्या मनात. फोनवाला मुलगा वाट बघत होता. एक पर्याय निवडल्याशिवाय ॲप मॅच बंद करू देईना. स्कोअरबुकवाल्या गृहस्थांनी चष्मा वर केला, काकांकडे बघितलं आणि विचारलं, “काय लिहू?”

“रन आऊट,” काका म्हणाले. “आणि डॉक्टरचं नाव लिही. थ्रो चांगला घेतला त्याने.”

डॉक्टरांनी हरकत घेतली. सेक्रेटरी चहाचे पैसे मोजत होता, तो म्हणाला, पुढच्या जानेवारीपासून रनर बंद. त्यावर पुन्हा मतदान घ्यायचं ठरलं, आणि तोवर विकेट मागायला दुपारची टीम येऊन उभी राहिली होती.